मुंबईचा एक्स-रे

त्रेसष्ट साल. इस्रायलमधल्या बेर्शेबाच्या डॉक्टरांनी एझिकेलचे दोन एक्स-रे उजेडात धरले, एक आजचा आणि एक मुंबई सोडताना काढलेला.

"हृदय मुळातच एवढं मोठं असतं, तर छातीत घातलेली सुई थेट हृदयात घुसली असती," ते इंग्रजीत म्हणाले. "पण मुंबईत ते लहान होतं. म्हणजे आता भोवती पाणी साचलंय. सुईने काढू."

हॅनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आजारी माणसाला इस्रायलला घेणार नाहीत या भीतीने मुंबईत एक्स-रेच्या मशीनसमोर धाकटे भावजी उभे राहिले होते, एझिकेलच्या नावाने.

"अहो, सांगून टाकू?" त्या मराठीत कुजबुजल्या.

एझिकेलने त्यांचा हात दाबला. "गप्प राहा. पोरांसकट परत धाडतील."

डॉक्टरांनी नर्सला सुई आणायला सांगितली आणि ते हसले. "बाई, हा जुना फोटो जपलात म्हणून बरं. नाहीतर मी धजलोच नसतो."