काठावरचं घड्याळ

“पट्ट्याला हे भोक कुणी पाडलं?” भिंग डोळ्यावरून न काढता आप्पासाहेबांनी विचारलं.

“वडिलांनी. दाभणानं,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “माझ्या मनगटासाठी. सात वर्षांची होते मी.”

आप्पासाहेब हळहळले. सावेडीतल्या त्यांच्या बंगल्यात जुन्या घड्याळांची दोन कपाटं होती, पण असं एकही नव्हतं. काळी तबकडी उन्हानं चॉकलेटी झालेली. अंधारात चमकणारे ठिपके जुन्या तुपासारखे पिवळे पडलेले. याच रंगासाठी शौकीन जीव टाकतात, ते म्हणाले. पॉलिश करून नवं केलेलं त्यांना नकोच असतं. ते घ्यायला तयार होते. तीही द्यायला तयार होती. वडिलांना जाऊन दोन महिने झाले होते. कपाट उघडलं की घड्याळ दिसायचं आणि तिचा दिवस तिथंच संपायचा.

तिचे वडील पुंजाराम पारनेरकडच्या विहिरींत बुडी मारून पडलेल्या पाण्याच्या मोटारी, हंडे, कळश्या काढून द्यायचे. नगरच्या छावणीतल्या एका साहेबाची अंगठी त्यांनी अशीच काढली, तेव्हा साहेबानं मनगटावरचं घड्याळ उतरवून त्यांना दिलं. विहिरीत उतरण्याआधी ते घड्याळ लेकीच्या हाताला बांधायचे. कडेचं चक्र फिरवून त्यावरचा त्रिकोण मोठ्या काट्यासमोर आणायचे. “काटा दोन रेघा पुढं गेला की माझ्या कमरेचा दोर हलव.” ती काट्यावरून नजर हलवायची नाही. घड्याळाला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, हा तर घरातला नियमच. भुरभुर आली तरी आई ते बाजरीच्या कणगीत खुपसायची.

हे ऐकून आप्पासाहेब खो खो हसले. “अहो ताई, पाणबुड्यांसाठीच बनवलंय हे! साडेसहाशे फूट खोल पाण्यात चालतं. आणि तुम्ही बाजरीत?”

ज्ञानेश्वरीचा चेहरा उतरला. जन्मभर पाण्यात उतरलेला माणूस, आणि त्याला एवढंही कुणी सांगितलं नाही.

“आण्णांना वाचता येत नव्हतं,” ती कशीबशी म्हणाली. “ठेवा तुम्ही. तुम्हाला त्यातलं कळतं तरी.”

“त्याला म्हाईत हुतं.”

सोबत आलेली आत्या, आक्काबाई, इतका वेळ बशीतला चहा फुंकत बसली होती.

“काय माहीत होतं, आत्या?”

“पान्यात चालतं ते. साहेबानं बादलीत बुडवून दावलं हुतं.”

“मग तो नियम?”

“तो तुज्यापुरता, येडे. न्हाईतर तूच म्हनली असतीस, आण्णा, घड्याळ तुमी घालून जा.” आक्काबाईनं बशी खाली ठेवली. “तू काठावर बसून लई रडायचीस. मी म्हनलं, आरं, तुला खाली कळाया नको का किती येळ झाला? तर मला म्हंतो, ‘आक्का, खाली गेलेल्याला कशाचं भ्या? भ्या वर राहिलेल्याला. घड्याळ तिच्यापाशीच पायजे.’”

आप्पासाहेबांनी भिंग काढलं. घड्याळ तिच्यापुढं सरकवलं.

ज्ञानेश्वरीनं कडेचं चक्र फिरवलं, त्रिकोण मोठ्या काट्यासमोर आणला आणि पट्टा मनगटावर आवळला. दाभणाच्या त्या भोकापासून चार भोकं पुढं.