बिनधास्त उघडा दप्तरं

शाळेत कुणाच्या तरी दप्तरात चाकू सापडला आणि रोज सकाळी फाटकावर झडती सुरू झाली. पानांमध्ये पातं लपवता येतं म्हणून वह्यासुद्धा उघडायच्या ठरल्या. "आमचं खासगी असं काही आहे की नाही?" म्हणून नववीच्या मुलींनी गलका केला, तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी तोडगा काढला.

"शिपाईमावशी बघतील तुमच्या वह्या. त्यांना अक्षर ओळखता येत नाही, सहीच्या जागी अंगठा लावतात. झालं समाधान?"

सगळ्यात निर्धास्त झाली ती मागच्या बाकावरची चिंगी. तिच्या डायरीत नुसत्या बाईच भरल्या होत्या. 'मीटिंग चालू आहे' अशी पाटी लावून, दार लोटून त्या कशा ढाराढूर झोपतात, त्याची रोजची हकिगत होती. डायरी बाईंच्या हाती लागली असती, तर चिंगीच्या हाती दाखलाच आला असता!

पहिल्या दिवशी मावशींनी डायरी चक्क उलटी धरली, बोट ओलं करून पानं परतली आणि "जा गं" म्हणाल्या. मग काय, चिंगीला रान मोकळं मिळालं. महिनाभर तिने बाईंची एक डुलकी सोडली नाही.

आज मात्र बाई पाठमोऱ्या होताच मावशींनी डायरी हळूच सुलट केली. शेवटच्या पानावरून सावकाश बोट फिरवत त्या खालपर्यंत आल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

 

"नातीने एवढं वाचायला शिकवलं, आणि तू ऐन रंगात थांबलीस होय गं? बाईंची कवळी शेवटी कुठे सापडली, ते उद्या लिहून आण!"