मटारातलं निळं

फुमिए-सान आज निवृत्त होणार होत्या. तेवीस वर्षं त्यांनी आमच्या ओकाझाकीच्या प्रयोगशाळेत मटाराचे कोंब अंधारातच वाढवले आणि अंधारातच कापले, कारण त्यांतलं प्रकाश ओळखणारं प्रथिन उजेडात बदलतं. आज प्रतिपिंडांनी कोंबांच्या रसातून नेमकं तेच धरून ठेवलं. मी ते अंधारातच दोन कुप्यांत उतरवलं.

"शुद्ध असेल ना?" मी पुटपुटलो.

"झालं, सेन्सेई, तुमचं नेहमीचं सुरू!"

मी एक कुपी काळ्या कागदात गुंडाळली, दुसरी त्यांच्या हातात दिली आणि दिवा लावला.

"अहो, वाया जाईल!"

"ही तुमची."

कुपीत निळाशार रंग होता.

"असं निळं असतं, हे कधी बोलला नाहीत!"

"शुद्ध असलं तर निळं दिसतं, असं मीही फक्त वाचलं होतं."

त्या ताठ उभ्या राहिल्या. "मग विचारा आता, शुद्ध आहे का!"

मी काळ्या कागदातल्या कुपीवर 'शुद्ध' अशी चिठ्ठी लावली.