मागचा फाळका
बाबांनी पिकअपच्या मागच्या नव्या फाळक्यावर अशी लाथ घातली, की लकडगंजातल्या त्या गॅरेजमधले सगळे वेल्डर हातातलं काम सोडून बघायला लागले. "कोणं सांगितलं तुले हा बदलवाले?" मीही पेटलो. "उद्या आरटीओत गाडीचं पासिंग आहे बाबा, अन् तुम्ही लाथा काहून मारून राहिले?" आमची पिकअप अठरा वर्षांची. इंजिन ठणठणीत, पण पत्रा इतका सडलेला, की संत्र्याच्या क्रेटखाली रस्ता दिसायचा. बाबा दरवर्षी तळाला ठिगळ मारून आणायचे, मागच्या फाळक्याला मात्र वेल्डरला हात लावू द्यायचे नाहीत. या वेळी मी त्यांना न विचारता तो बदलला आणि पेंटरकडून नाव लिहून घेतलं. जुन्यावर दोन नावं होती, नव्यावर फक्त माझं. बाबा भंगाराच्या ढिगात हात घालून जुना फाळका उपसत होते. बोटं कापली तरी थांबले नाहीत. शेवटी तो निघाला. कडा गंजाने खाल्लेल्या आणि मधोमध पिवळ्या अक्षरांत 'अश्विन-दामिनी'. दामिनी माझी बहीण. चार वर्षांपूर्वी तिने जातीबाहेर लग्न केलं. "तुम्हीच तं म्हटलं होतं ना," मी ओरडलो, "या घरात तिचं नाव नाही पाहिजे म्हणून?" बाबांनी तो गंजका पत्रा छातीशी धरला. "घरात म्हटलं होतं गा मी, घरात! गाडीचं कोणं म्हटलं होतं?"