पेला आणि पाटा

कैलाशनं दोन कार्बोरेटर फडक्यावर मांडले, एक लहान, एक मोठा, आणि हात पुसत म्हणाला, "बोला काका. आज याचा निकाल लावूनच टाकू."

गॅरेजसमोर यादोरावांची जुनी पेट्रोल व्हॅन उभी होती. आत दोन पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, खिडकीशी लाकडी फळी. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे चाकावरचं घर स्वतःच्या हातानं उभं केलं, बायकोला, रुक्माबाईला, बोधगया दाखवायची म्हणून. रुक्माबाईला जाऊन महिना झाला होता. कैलाशला ते ठाऊक नव्हतं, आणि सालेकशाहून आमगावपर्यंत आलेल्या यादोरावांच्या तोंडून ते निघत नव्हतं.

वर्षभर घोडं एकाच जागी अडलेलं. रुक्माबाईची अट साधी होती : फळीवरच्या पेल्यातला चहा सांडता कामा नये. लहान कार्बोरेटर लावला की चहा जागचा हलायचा नाही, पण भरली गाडी दरेकशाच्या चढावर दम टाकायची. मोठा लावला की चढ चढायची, पण उभ्या उभ्या अशी थरथरायची की चहा फळीवर. मग आतून आवाज यायचा, "सांडला जी."

शेवटी यादोराव वैतागले होते. "तुहा पाटा उतरव घरी. मंग लहानच चालते."

"मंग तुमी एकटेच जा," ती हसत म्हणाली होती. चटणी वाटायला पाटा नसेल तर तिला तीर्थही नको होतं. ते हसणं आता त्यांच्या जिवाला लागलं होतं.

कैलाशनं लहान कार्बोरेटर बसवला, इंजिन सुरू केलं आणि टपरीवरून आणलेला चहा पेल्यात ओतून फळीवर ठेवला. "पाहा, थेंबभर हालून नाही राहिला. पण काकूचं सामान उतरवा लागन. पाटा, तांदळाची पेटी, एक पलंग. मंग कुठंबी जा."

यादोराव आत वाकले. पाटा दुसऱ्या पलंगाखाली होता. वरवंटा जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला. गाठ तिनंच मारलेली होती.

"मोठा लाव," ते म्हणाले.

"काऊन? चहा सांडते न. काकू बसन का मंग? तिलेच विचारा एकडाव."

"कोणाले विचारू? मागच्या महिन्यात गेली ती."

कैलाशनं हातातला पाना खाली ठेवला. तो खालच्या आवाजात म्हणाला, "एकट्याले त लहानच बरा होता, काका."

"एकटा नाही जाऊन राहिलो. पाटा येते संग."

तासाभरात कैलाशनं मोठा कार्बोरेटर बसवला. यादोरावांनी चावी फिरवली. गाडी थरथरली, पेला फळीवर सरकत गेला आणि कलंडला. चहा पलंगावर ठिबकू लागला.

यादोराव स्टिअरिंगवर हात ठेवून, मान जराशी मागं वळवून बसून राहिले. आतून कोणी काही म्हणालं नाही.

मग तेच हळू आवाजात म्हणाले, "सांडला वो, रुक्मा."