व्हरांड्यात भरलेली शाळा

फळा टेम्पोत उभा बांधायचा की आडवा, यावरून भीमराज आणि रूपसिंग यांची सकाळीच जुंपली. टेम्पो रूपसिंगचा असल्यामुळे फळा आडवा गेला. त्याच्याभोवती पहिली-दुसरीची पोरं दाटीवाटीनं बसली, मागं मोठी बसली आणि अख्खी शाळा तालुक्याला निघाली.

भीमराज शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष होता. गुल्हाने सरांची बदली झाल्याचं कळल्यापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं. शाळा सातवीपर्यंतची आणि शिक्षक दोनच, त्यातल्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर. सर गेले की शाळेला कुलूपच. मग त्याची निशिगंधा घरी बसणार, कारण दुसरी शाळा नाल्यापलीकडे होती आणि तिकडे पोरीला पाठवायला तिची आई काही केल्या तयार नव्हती. भीमराज स्वतः चौथीतून उठून ढोरांमागं गेला होता. पोरीच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. सरांची बदली कुठं झाली याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. इथून झाली, एवढं पुरे होतं.

तसे सर होतेच जीव लावणारे. त्यांनी पोरांना लेझीम शिकवलं, बालसभा भरवली, गॅदरिंगला तांड्यावरच्या बायांना स्टेजवर आणून नाचवलं. राहायला गावातच एक खोली होती. बायको, म्हातारी आई आणि लहान पोरगी तिकडे उमरखेडला. शनिवारी दुपारच्या एसटीनं जायचे आणि सोमवारी परिपाठाला हजर. अलीकडे तर परिपाठही त्यांनी पोरांच्याच हवाली केला होता. आपण नसलो तरी तुमचं अडायला नको, असं म्हणायचे. भीमराजला त्याचं फार कौतुक. असा मास्तर दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता.

आंदोलनाचं ठरलं त्या संध्याकाळी सर त्याच्या घरी आले होते.

"भीमराजभाऊ, हे नका करू. मुलांचे हाल होतील."

"कायचे हाल, सर? पोरं तं टेम्पोत बसाले भेटते म्हणून नाचून राह्यली!"

"तसं नाही हो. मला एक सांगायचं होतं..."

"तुम्ही काहीच नका सांगू. तुम्ही सरकारी मानूस. तुमच्या तोंडून शब्द निघाला तं तुमच्यावरच शेकन. आमी आहो ना!"

सर अर्धा चहा तसाच ठेवून उठले. ते गेल्यावर भीमराज बायकोला म्हणाला, "लय भिडस्त मानूस."

पंचायत समितीच्या व्हरांड्यात फळा भिंतीला टेकवला आणि शाळा भरली. राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली. रूपसिंगच्या बबितानं दिनविशेष सांगितला. मग पाढे सुरू झाले, तसे बाबू लोक कामं टाकून दारात येऊन उभे राहिले. सतराच्या पाढ्याला पोरं अडखळली आणि नेमक्या तेव्हाच गटशिक्षणाधिकारी मॅडम बाहेर आल्या. त्यांच्या मागून गुल्हाने सर निघाले. सरांना सकाळपासून आत बसवून ठेवलेलं पाहून भीमराजचं टाळकं सरकलं.

"काय मागणी आहे तुमची?" मॅडमनी विचारलं.

"आमचे सर आमाले पाह्यजे. बस."

"आदेश यवतमाळहून आलाय. आज मी यांना सोडलं नाही, तर तिकडची जागा दुसऱ्याला जाईल."

"जाऊ द्या! आमची रिकामी होऊन राह्यली, त्याचं काय?"

पोरांनी टाळ्या पिटल्या. मॅडम सरांकडे वळल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "सर, नीट विचार करून सांगा. नंतर माझ्या हातात काही राहणार नाही."

भीमराजच्या हिशोबी ही सरळसरळ धमकी होती. तो बाह्या सरसावून पुढं झाला. पण त्याच्या आधी निशिगंधा उठली आणि सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, तुम्ही गेले तं माही शाळा सुटते," ती म्हणाली.

हे तिला कोणी पढवलं नव्हतं. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"राहतो मी, मॅडम," शेवटी ते म्हणाले. "तिकडं त्या दुसऱ्यांना पाठवा."

मग जो कल्ला झाला तो काही विचारू नका. पोरांनी खडू उधळले. रूपसिंगनं सरांना उचलून थेट खांद्यावर घेतलं. त्या गडबडीत सरांच्या खिशातून मोबाइल निसटला, तो भीमराजनं वरच्यावर झेलला. सरांच्या डोळ्यांना धार लागली होती.

"पाहा, पाहा, सर आनंदानं रडून राह्यले!" भीमराज ओरडला.

तेवढ्यात हातातला मोबाइल वाजला. त्यावर 'घर' असं नाव आलं होतं. त्यानं सरांना दोन हाका मारल्या, पण त्या कल्ल्यात ऐकतो कोण? सरांच्या घरच्यांना ही गोड बातमी आपणच द्यावी, असं भीमराजला वाटलं. कोपऱ्यात जाऊन त्यानं फोन कानाला लावला.

तो काही बोलायच्या आतच पलीकडून एका लहान पोरीचा आवाज आला.

"बाबा, सोडलं का मॅडमनं? मी आज शाळेत गेलीच नाही. आजी पण सकाळपासून दारात बसून आहे. आई म्हणते, बाबानं तीन वर्षं मागितली तवा कुठं भेटली बदली. आता तुम्ही रोज आपल्याच घरी जेवसान ना?"