मोठं कोर्ट

नवऱ्यानं, ओमप्रकाशनं, शेरडांना पाला तोडायच्या कुऱ्हाडीनं शालूचा उजवा हात कोपरापासून उडवला. तालुक्याच्या कोर्टात मॅडमनी त्याला तीन वर्षं दिली, तशी शालूची माय जयवंताबाई जागची उठली.

"मॅडम, कायद्यात ह्याला जन्मठेप हाय म्हणं. तुम्ही तीनच दिले?"

"मावशी, या कोर्टाला तीन वर्षांच्या वर शिक्षा देताच येत नाही."

"मंग मोठ्या कोर्टात पाठवा."

"तिथं खुनासारख्या केसेस जातात. तुमची लेक जिवंत आहे."

निकालाआधीच अडीच वर्षं आत काढलेली, तीही शिक्षेत धरली गेली. सहा महिन्यांत ओमप्रकाश सुटला. कुंभार पिंपळगावच्या बाजारात तो मायलेकींपुढं उभा राहिला, शालूची रिकामी बाही चिमटीत धरून हलवली आणि हसला. जयवंताबाईनं शेजारच्या लोहाराच्या पालातली कुऱ्हाड उचलली. पहिला घाव मानेत बसला. तो कोसळल्यावरही ती लाकूड फोडावं तशी घाव घालत राहिली. शेजारच्या मेथीच्या जुड्या रक्तानं भिजल्या, तेव्हा लोकांनी तिला धरलं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी तिला त्याच मॅडमपुढं उभं केलं. कागद वाचता वाचता मॅडमचा चेहरा उतरला.

"मावशी, हे काय करून बसलात? ही केस आता मोठ्या कोर्टात जाईल."

जयवंताबाईनं हात जोडले. नखांत वाळलेलं रक्त अजून तसंच होतं.

"जाऊ द्या. ते इचारतील, का मारलं म्हणून. मंग शालूचं सांगते, पहिल्यापासून."